'विक्रमी तरतूद' म्हणजे खरंच प्राधान्य का? केंद्रीय अर्थसंकल्पातून ते कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: 1 फेब्रुवारीला अर्थमंत्री शेती, आरोग्य, रस्ते, तरुण, महिला अशी सगळ्यांची नावं घेतात. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत प्रत्येक खात्याला 'विक्रमी तरतूद' मिळालेली असते. मग सरकारने खरं प्राधान्य कशाला दिलंय, हे अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसाने कागदपत्रांतून कसं शोधायचं?

आधी भाषण बाजूला ठेवा. भाषणात इरादे असतात, पैसे तक्त्यांत असतात. 'विक्रमी' या शब्दावर तर मी फुली मारूनच वाचतो. किमती आणि जीडीपी जवळपास दरवर्षी वाढतात, त्यामुळे रुपयांत मोजलं तर बहुतेक खात्यांची तरतूद दरवर्षी विक्रमीच असते.

इंडियाबजेट डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर सगळी कागदपत्रं फुकट मिळतात. सुरुवातीला दोनच पुरेत: 'बजेट अ‍ॅट अ ग्लान्स' आणि 'एक्स्पेंडिचर बजेट'. पहिल्यात एकूण चित्र आणि मोठ्या योजनांचा तक्ता असतो, दुसऱ्यात प्रत्येक खात्याचा योजनावार खर्च. इथे 2025-26 ची कागदपत्रं उदाहरणाला घेतो. मांडणी इतर वर्षांतही हीच असते.

योजनेच्या नावापुढे चार रकाने दिसतील: 2023-24 चा प्रत्यक्ष खर्च, 2024-25 चा अर्थसंकल्पीय अंदाज (म्हणजे सुरुवातीला ठरवलेली तरतूद, पुढे याला मी 'मूळ' म्हणतो), 2024-25 चा सुधारित अंदाज (वर्ष सरत आल्यावर दुरुस्त केलेला आकडा) आणि 2025-26 चा अर्थसंकल्पीय अंदाज. बातम्या साधारण शेवटचा रकाना आणि मधल्या दोनांपैकी सोयीचा एक एवढंच घेतात. सगळी गंमत तिथेच होते.

जलजीवन मिशन घ्या. 2024-25 साठी फेब्रुवारी-जुलैत ठरवलेली तरतूद होती 70,163 कोटी. सुधारित अंदाजात ती उतरली 22,694 कोटींवर. 2025-26 साठी ठेवले 67,000 कोटी. आता 'नळपाण्याची तरतूद जवळपास तिप्पट' हा मथळा खरा आहे आणि 'नळपाण्याच्या तरतुदीत साडेचार टक्के कपात' हाही खराच आहे. एकाने सुधारित अंदाजाशी तुलना केली, दुसऱ्याने मूळ अंदाजाशी. मला विचाराल तर दोन्हींपेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की ज्या कामासाठी 70 हजार कोटी ठेवले, त्यावर वर्षअखेर एक तृतीयांशही खर्च होणार नाहीत असं सरकार स्वतःच सांगत होतं. पुढच्या वर्षीचे 67 हजार कोटी वाचताना हे डोक्यात असलं पाहिजे.

उलट दिशेचं उदाहरण मनरेगाचं. 2023-24 ला मूळ तरतूद 60,000 कोटी होती, सुधारित अंदाजात ती 86,000 कोटी झाली. ही योजना कायद्याने मागणीवर चालणारी होती. मजुराने काम मागितलं की द्यावंच लागायचं. त्यामुळे कमी तरतूद केल्याने खर्च कमी होत नसे, मजुरी थकायची. थकबाकी पुढच्या वर्षात जायची आणि त्या वर्षाच्या तरतुदीतला पहिला घास तीच घ्यायची. 2024-25 आणि 2025-26 या दोन्ही वर्षी अर्थसंकल्पात 86,000 कोटीच आहेत. आकडा तोच राहिला म्हणजे योजना 'जैसे थे' राहिली असं नव्हे. मजुरीचे दर वाढले की तेवढ्याच पैशांत कामाचे दिवस कमी बसतात.

म्हणून कुठल्याही योजनेला तीन प्रश्न विचारायचे. गेल्या वर्षी ठरवलेले पैसे सुधारित अंदाजात टिकले का? त्याआधीच्या वर्षी प्रत्यक्ष किती गेले? आणि यंदाची वाढ एकूण खर्चाच्या वाढीपेक्षा जास्त आहे की कमी? तिसऱ्या प्रश्नासाठी मापही तयार आहे. 2025-26 चा एकूण खर्च 50.65 लाख कोटी, आदल्या वर्षाचा मूळ अंदाज 48.20 लाख कोटी आणि सुधारित 47.16 लाख कोटी. म्हणजे मूळ ते मूळ वाढ सुमारे 5 टक्के. एखाद्या खात्याची तरतूद 3 टक्क्यांनी वाढली असेल तर रुपये वाढले, पण त्याचा वाटा घटला. प्राधान्य म्हणायचं तर ते वाट्यात दिसायला हवं. मूळ अंदाजाची तुलना मूळ अंदाजाशीच करा, सरमिसळ करू नका.

नव्या घोषणांच्या बाबतीत जास्त सावध राहा. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेला 2024-25 मध्ये 2,000 कोटी ठेवले होते, सुधारित अंदाज आला 380 कोटींचा, आणि 2025-26 साठी तरतूद झाली 10,831 कोटींची. नव्या योजनेचे नियम ठरणं, मंत्रिमंडळाची मंजुरी, पोर्टल, राज्यांशी किंवा कंपन्यांशी करार यांत पहिलं वर्ष जातंच, त्यात लबाडी असतेच असं नाही. पण पहिल्या वर्षाचा मोठा आकडा खर्च म्हणून मोजू नका.

आता पैसे अडकतात कुठे, कारण बऱ्याच योजनांचं उत्तर दिल्लीत नसतंच. केंद्र पुरस्कृत योजनांमध्ये साधारण 60 टक्के केंद्र आणि 40 टक्के राज्य अशी वाटणी असते, ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी 90 आणि 10. राज्याने आपला हिस्सा टाकला नाही तर केंद्राचा पुढचा हप्ता सुटत नाही. 2021 पासून नियम आणखी कडक झाला: राज्याने प्रत्येक योजनेसाठी एकच मध्यवर्ती खातं ठेवायचं, केंद्र एका वेळी साधारण चौथा हिस्साच सोडणार आणि आधीच्या रकमेतले 75 टक्के खर्च झाल्याशिवाय पुढचे मिळणार नाहीत. पूर्वी योजनांचे पैसे वेगवेगळ्या बँक खात्यांत नुसते पडून राहायचे, ते यामुळे कमी झालं. मात्र ज्या राज्याचं प्रशासन ढिलं त्याचा हप्ताही मागे पडतो, आणि डिसेंबरमध्ये सुधारित अंदाज ठरवताना वित्त मंत्रालय त्या खात्याची तरतूद कापतं. शिवाय शेवटच्या तिमाहीत 33 टक्क्यांपेक्षा आणि एकट्या मार्चमध्ये 15 टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नये असं बंधन आहे. ज्या खात्याने डिसेंबरपर्यंत हात आखडता घेतला, त्याला मार्चमध्ये भरपाई करता येत नाही आणि न वापरलेली तरतूद 31 मार्चला संपते.

'रुपया असा जातो' हे वर्तुळाचं चित्र तुम्ही पेपरात पाहिलं असेल. ते चुकीचं नाही, पण फसवं आहे. 2025-26 च्या चित्रात व्याजाला 20 पैसे आणि संरक्षणाला 8 पैसे दाखवलेत. यात भाजक बदललेला आहे. राज्यांना जाणारा करांचा वाटा, सुमारे 14.22 लाख कोटी, केंद्राच्या खर्चात धरत नाहीत, पण या चित्रात तो मिळवलेला असतो. म्हणजे भागाकार 50.65 ने नाही, जवळपास 64.87 लाख कोटींनी होतो. व्याज आहे 12.76 लाख कोटी. केंद्राच्या स्वतःच्या खर्चाने भागलं तर ते 25 टक्के भरतं, महसुली जमेने (कर्ज सोडून कर आणि इतर उत्पन्न, 34.20 लाख कोटी) भागलं तर 37 टक्के. संरक्षणाचंही तसंच. मंत्रालयाची तरतूद 6.81 लाख कोटी, म्हणजे एकूण खर्चाच्या साडेतेरा टक्के. त्यातले सुमारे 1.61 लाख कोटी निवृत्तिवेतनाचे, ते चित्रात पेन्शनच्या फोडीत जातात. उरलेले 5.20 लाख कोटी 64.87 ने भागले की बरोबर 8 पैसे येतात. आणि नवी विमानं, जहाजं, तोफा यांसाठीची भांडवली तरतूद पाहिली तर ती 1.80 लाख कोटी. 'संरक्षणावर किती खर्च' या प्रश्नाला तीन उत्तरं निघतात ती अशी.

व्याज, पगार, निवृत्तिवेतन, अन्न (2.03 लाख कोटी) आणि खतं (1.68 लाख कोटी) यांवरची अनुदानं ही अशी देणी आहेत की कुठलंही सरकार आलं तरी पहिल्या वर्षी त्यांना हात लावू शकत नाही. सरकारची निवड दिसते ती उरलेल्या भागात. त्यातही भांडवली खर्च, म्हणजे रस्ते, रेल्वे अशा टिकाऊ गोष्टींवरचा खर्च, आधी बघा. 2020-21 मध्ये तो 4.26 लाख कोटी होता, 2025-26 ला 11.21 लाख कोटी ठेवलाय. हे खरंखुरं प्राधान्य आहे, आकडे वर्षानुवर्षं तीच दिशा दाखवतात. पण त्याच्याही पोटात डोकवायला हवं. 2025-26 मध्ये रेल्वेचे 2.52 लाख कोटी आणि रस्ते मंत्रालयाचे सुमारे 2.72 लाख कोटी ही थेट कामं, तर 1.5 लाख कोटी राज्यांना दिलेली 50 वर्षांची बिनव्याजी कर्जं. तीही भांडवली खर्चातच मोजतात, रस्ता किंवा पूल बांधणार राज्य. शिवाय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आधी बाजारातून कर्ज काढून रस्ते करत असे. ते कर्ज बंद करून तोच खर्च अर्थसंकल्पातून होऊ लागला. हिशेब स्वच्छ झाला हे चांगलंच, पण वाढीतला काही भाग पूर्वी अर्थसंकल्पाबाहेर होत होता आणि आता आत आला, एवढं ध्यानात ठेवा.

अर्थसंकल्पाबाहेरचं कर्ज कसं आकडे बिघडवतं याचा ठळक नमुना अन्न अनुदानाचा. 2020-21 ला मूळ तरतूद सुमारे 1.16 लाख कोटी, सुधारित अंदाज 4.22 लाख कोटी. कोविडमधलं मोफत धान्य हे त्याचं एक कारण. दुसरं असं की अन्न महामंडळ अल्पबचत निधीतून कर्ज घेऊन अनुदानाची उणीव भरून काढत होतं आणि ते कर्ज त्या वर्षी सरकारने फेडून हिशेबात घेतलं. त्यामुळे 2020-21 शी तुलना करून 'अन्न अनुदानात मोठी कपात' म्हणणारा आलेख दिसला तर तो गुंडाळून ठेवा.

एक्स्पेंडिचर बजेट उघडल्यावर नवशिक्यांना अडवणाऱ्या काही गोष्टी. खात्याच्या पानाच्या शेवटी चार अंकी लेखाशीर्षांचा (खर्चाच्या प्रकारांच्या सांकेतिक क्रमांकांचा) तक्ता असतो. पहिला अंक 2 किंवा 3 असेल तर महसुली (पगार, अनुदानं असा चालू) खर्च, 4 किंवा 5 भांडवली, 6 किंवा 7 कर्ज. 3601 म्हणजे राज्यांना दिलेलं अनुदान. त्यावरून पैसा केंद्र स्वतः खर्च करतंय की पुढे पाठवतंय हे कळतं. काही योजनांखाली उणे आकडे दिसतात, ते एखाद्या कोषातून भागवलेल्या रकमेचे. ओळींची आंधळी बेरीज केली तर तोच पैसा दोनदा मोजला जातो. नेहमी 'नेट'ची (निव्वळ रकमेची) ओळ घ्या. आणि योजनेचं नाव गायब झालं म्हणजे ती बंद झाली असं समजू नका. अंगणवाडी सेवा, पोषण अभियान, किशोरी योजना 2021-22 मध्ये एकत्र करून 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण 2.0' केलं, आता जुनी तुलना करायची तर तिघांची बेरीज घ्यावी लागते. महिलांसाठीच्या तरतुदीचं वेगळं विवरणपत्र (क्रमांक 13) वाचताना भाग 'अ' आधी पाहा. पूर्णपणे महिलांसाठीच्या योजना तिथे असतात. उरलेल्या भागांत खाती आपल्या योजनेचा अमुक टक्के महिलांसाठी असं स्वतःच ठरवून देतात.

वर्ष सुरू झाल्यावर दोन ठिकाणी लक्ष ठेवा. महालेखानियंत्रकांचे (केंद्राचे हिशेब ठेवणारे अधिकारी) मासिक हिशेब महिना संपल्यावर साधारण महिन्याभरात येतात आणि त्यात मंत्रालयवार खर्च तरतुदीच्या किती टक्के झाला हे असतं. संसदेत येणाऱ्या पुरवणी मागण्यांमध्ये (वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा तरतुदींमध्ये) एकूण रक्कम पाहून घाबरू नका. 'निव्वळ रोख खर्च' किती तेवढंच बघा, बाकीचं बचतीतून भागवायचं असतं. ज्या योजनेत तुम्हाला रस आहे तिच्या मंत्रालयाचा आकडा नोव्हेंबरअखेर 40 टक्क्यांच्या आत असेल, तर फेब्रुवारीत तिचा सुधारित अंदाज कापलेला दिसण्याची दाट शक्यता आहे.