रोलबॅक केलं आणि नुकसान वाढलं

प्रश्न : आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर सहा सर्व्हरवर हातानेच चढवतात. कोडमध्ये बंद पडलेले जुने फ्लॅगही (सुविधा चालू-बंद करणाऱ्या खुणा) तसेच आहेत. ‘बिघडलंच तर पाच मिनिटांत रोलबॅक करू, म्हणजे जुना कोड परत आणू,’ असं टीम लीड म्हणतात. एवढ्यावर भागेल का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : नाही भागणार. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाली कंपनीत होती. १ ऑगस्ट २०१२ रोजी तिने सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलर घालवले.

नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातवर चढला, आठवा राहिला आणि दुसऱ्या कुणी पडताळलं नाही. त्यातच नव्या कामासाठी जुनाच फ्लॅग वापरला होता. तो ‘पॉवर पेग’ या २००३पासून बंद असलेल्या सुविधेचा, आणि तिचा कोड अजून तिथेच होता. ‘ऑर्डर पुरी झाली, थांब’ हे सांगणारी मोजणी २००५मध्ये दुसरीकडे हलवली गेली. त्यानंतर पॉवर पेगची चाचणी झालीच नाही. बंद कोडची चाचणी करतो कोण! आठव्या सर्व्हरवर तो जागा झाला आणि थांबेना. २१२ ऑर्डरींपोटी चाळीस लाखांवर सौदे झाले.

खरी मेख पुढे आहे. दोष नव्या कोडचा समजून तो सात सर्व्हरवरून काढला गेला, म्हणजे तिथे पुन्हा जुना कोड आला. फ्लॅग लागलेल्या ऑर्डरी मात्र येतच होत्या. मग आठही सर्व्हरवर पॉवर पेग सुरू!

म्हणून रोलबॅकचा क्रम लिहून ठेवा: आधी फ्लॅग बंद किंवा आवक बंद, मग कोड मागे. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या वेगळ्या सर्व्हरवर, नवा डेटा चालू ठेवून हे एकदा करून बघा. नव्या कामाला नवं नावच द्या; मेलेला कोड आधीच्या, वेगळ्या रिलीजमध्ये काढा. चढवून झाल्यावर सहाही सर्व्हरवरच्या फाइलींचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) स्क्रिप्टने जुळवा. न जुळणारा सर्व्हर लोड बॅलन्सरमधून (सर्व्हरांना काम वाटून देणाऱ्या यंत्रणेतून) बाहेर. मिनिटाला नेहमीच्या कितीतरी पट बिलं निघाली, तर प्रणालीने आपणहून थांबावं.

आणि अलर्ट माणसापर्यंत पोचतात का, तेही बघा. नाइटच्या यंत्रणेने बाजार उघडण्याआधी पॉवर पेगचा उल्लेख असलेले ९७ ईमेल धाडले होते. ते अलर्ट म्हणून बनवलेलेच नव्हते, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही.

प्रश्न : रोलबॅकमध्ये डेटाबेसचं काय करायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कॉलमचं नाव थेट बदलू नका, जुना कोड त्याच क्षणी आपटेल. आधी नवा कॉलम जोडा, तो रिकामा चालेल असा ठेवा. काही काळ दोन्हींत लिहा, जुन्या नोंदी भरून घ्या, मग वाचन नव्यावर वळवा. जुना कॉलम एक-दोन रिलीज सुरळीत गेल्यावरच काढा.