“दोन ठेवा की मॅडम, एक राखीव राहील”

हे वाक्य त्याचं, आयव्हीएफमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचारात, एका वेळी किती गर्भ सोडायचे याबद्दल. तासगावकडचा द्राक्षबागायतदार, वय ३५. जानेवारीचा पहिला आठवडा होता, बागेत व्यापारी माल बघायला येणार होता, त्यामुळे गडी खुर्चीच्या कडेवर बसला होता. शेजारी बायको, वय ३१. मांडीवर प्लास्टिकची फाइल आणि फाइलवर दोन्ही हात, कुणी ओढून नेईल असे.

मी समुपदेशक, माझी खोली सांगलीच्या विश्रामबागेत आहे. वंध्यत्वाचे उपचार घेणारी जोडपी आधी डॉक्टरांकडे जातात, मग माझ्याकडे येतात, बरीचशी नाखुशीनेच. ‘डोक्यात बिघाड आहे म्हणून पाठवलंय का?’ असं पहिल्या पाच मिनिटांत विचारणारे पुष्कळ. आता २०२१च्या कायद्याने आयव्हीएफ करणाऱ्या केंद्राला समुपदेशन द्यावंच लागतं, म्हणून निदान ‘सगळ्यांनाच पाठवतात’ असं सांगता येतं. (पुढची हकिगत दोन-तीन जोडप्यांची मिळून एक केली आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

लग्नाला ७ वर्षं झालेली. तिला पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडून अंडी वेळेवर न सुटण्याचा विकार. तीनदा आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) करून झालेलं, तिन्ही वेळा पाळी आली. मग आयव्हीएफ. डिसेंबरमध्ये अंडी काढली ती १४. पीसीओएसमध्ये इंजेक्शनांनी अंडाशय फार फुगले तर पोटात पाणी होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांनी त्या महिन्यात ट्रान्सफर केलंच नाही, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडलाच नाही. पाचव्या दिवसापर्यंत नीट वाढलेले ४ गर्भ, म्हणजे ब्लास्टोसिस्ट, गोठवून ठेवले. आता १५ जानेवारीच्या सुमाराला ट्रान्सफर होतं. डॉक्टरांनी सुचवलं होतं, एकच सोडू. पण घरी बोला, विचार करा, मग सांगा, असंही म्हणाले होते. संमतीच्या फॉर्मवर आकड्याची जागा कोरी होती.

घरी बोलणं झालं होतं, म्हणजे सासूबाई बोलल्या होत्या. “देवानं द्यायचंच ठरवलंय तर जोडी देऊ दे, एका खर्चात होतंय.” वर, दोनांत एक तरी मुलगा असेल हेही त्यांनी ऐकवलं होतं. त्यावर मी एवढंच म्हटलं की गर्भ मुलाचा की मुलीचा हे पाहून निवडणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि दोन सोडले तरी दोन्ही मुली होऊ शकतात. हा विषय मी तिथेच सोडते. वाद घालत बसलं तर खरा प्रश्न बाजूला पडतो.

खरा प्रश्न होता ‘राखीव’.

हा शब्द मी इतक्या तोंडून ऐकला आहे की तो ऐकला की आता मी कागदच पुढे ओढते. लोकांच्या मनात चित्र असं असतं: दोन गर्भ आत गेले, एक रुजला तर दुसरा गुपचूप बाजूला होईल, पहिला गेला तर दुसरा त्याची जागा घेईल. क्रिकेटमधल्या बाराव्या गड्यासारखं. पोटात तसं काही नसतं. आत गेलेले दोन्ही गर्भ एकाच वेळी मैदानात असतात. राखीव असतो तो टाकीतला, उणे १९६ अंशांवर, लिक्विड नायट्रोजनमध्ये.

मी त्याला म्हटलं, “तुमचे चार आहेत. एक सोडलात तर तीन राखीव. दोन सोडलेत तर दोन राखीव. आता सांगा, राखीव जास्त कशात?”

तो हसला, पण पटलं नव्हतं. “पण मॅडम, दोन सोडले तर चान्स वाढतोयच की.”

वाढतो. तो वाढत नाही असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही, आणि समुपदेशकानेही तशी सोयीची थाप मारू नये. किती वाढतो आणि त्याची किंमत काय, एवढंच बघायचं असतं. तिचं वय आणि गर्भांचा दर्जा पाहून डॉक्टरांनी दर ट्रान्सफरला दहातले चार-पाच असा अंदाज दिला होता. मी चार धरले आणि फाइलमधल्याच एका जुन्या रिपोर्टच्या पाठीवर लिहिलं.

तुमच्यासारख्या १०० बायका. प्रत्येकीत एक गर्भ सोडला. ४० जणींना राहिलं. उरलेल्या ६० जणींत पुढच्या महिन्या-दोन महिन्यांनी दुसरा सोडला, त्यातल्या २४ जणींना राहिलं. एकूण ६४.

आता दुसऱ्या १०० जणी. प्रत्येकीत दोन्ही गर्भ एकदम सोडले. दोन्ही वाया गेले अशा ३६. म्हणजे राहिलं किती जणींना? तेच, ६४. फक्त या ६४ मधल्या १६ जणींच्या पोटात जुळं आहे.

तो बराच वेळ कागदाकडे बघत होता. बेदाण्याच्या सौद्यात बसणारा माणूस, आकडा चुकीचा असता तर त्यानेच पकडला असता. हिशेब ढोबळच आहे. गर्भपात यात धरलेले नाहीत, दोन्ही गर्भ सारख्या ताकदीचे मानलेत. पण प्रत्यक्षातही चित्र याच्या आसपासचंच निघालं होतं. स्कँडिनेव्हियात ३६ वर्षांखालच्या ६६१ बायकांवर केलेला मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. दोन गर्भ एकदम सोडलेल्या गटात सुमारे ४३ टक्के बायकांना मूल झालं, आणि आधी एक, तो नाही राहिला तर गोठवलेला दुसरा, अशा गटात सुमारे ३९ टक्के. फरक इतकाच. जुळ्यांचं प्रमाण मात्र पहिल्या गटात झालेल्या बाळंतपणांच्या ३३ टक्के आणि दुसऱ्यात १ टक्क्याच्याही आत.

“म्हणजे एक खेप वाचते,” तो म्हणाला.

बरोबर. दोन सोडून जे मिळतं ते मुख्यतः एवढंच: एक खेप, तिचा खर्च आणि वाट बघण्याचे दोन महिने. हे थोडं नाही. सोसायटीचं कर्ज काढून उपचार करणाऱ्याला दोन महिने काय असतात ते मला सांगायला नको. म्हणून ‘काय घाई आहे’ हे वाक्य मी या खोलीत कधी वापरत नाही.

तिने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. “जुळं झालं तर वाईट काय पण? आमच्या वाडीत हायत की दोन घरांत. चांगली धडधाकट पोरं.”

असतातच. बहुतेक जुळी नीट वाढतात, हे आधी सांगितलं. मग भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवलं. १५ जानेवारीला पाच दिवसांचा गर्भ सोडला तर पूर्ण दिवस भरतात ३ ऑक्टोबरला. तारखेवर पेनाने गोल केला. जुळ्यांतली निम्म्याहून जास्त बाळं ३७ आठवड्यांच्या आतच येतात. ३५व्या आठवड्याला आली तर ऑगस्टचा शेवट, तिथे दुसरा गोल. ३२व्या आठवड्याला आली तर ८ ऑगस्टच्या आसपास, तिसरा गोल. तिसरा गोल आणि पहिला गोल यांच्यामध्ये जे दिवस आहेत त्यांतले बरेचसे काचेच्या पेटीत जाऊ शकतात. आईच्या बाजूनेही बीपी वाढणं, गरोदरपणातली साखर, बाळंतपणातला रक्तस्राव, सिझेरियन, सगळ्याचीच शक्यता जुळ्यांत वाढते. पीसीओएसवालीला साखरेचा धोका आधीच जास्त असतो.

तिने बोटाने ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंतच्या रांगा मोजल्या. हळू, एकेक आठवडा.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी या कामात नवी असताना, २४ वर्षांची एक मुलगी आली होती. दोन गर्भ सोडायचं आधीच ठरलेलं होतं. मी फॉर्म वाचून दाखवला, सही घेतली आणि शुभेच्छा दिल्या. जुळं राहिलं तेव्हा तिने आणलेला पेढाही खाल्ला. २९व्या आठवड्यात बाळंत झाली. मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी तिच्याशेजारी बसले होते. एक बाळ चौथ्या दिवशी गेलं, दुसरं ५० दिवसांनी घरी आलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, “मॅडम, त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत.” त्या दिवसापासून जुळ्याच्या बातमीवर पेढा खाणं मी सोडून दिलं. बारा आठवडे, वीस आठवडे, मग बघू, असं म्हणते. बायकांना ते तुसडं वाटतं, वाटू दे.

ही गोष्ट मी या जोडप्याला सांगितली नाही. घाबरवून घेतलेला निर्णय पहिल्या अपयशात उलटतो.

“नंतर एक काढून टाकता येतो म्हणे,” तो म्हणाला. हाही नेहमीचा प्रश्न. येतो, पण ती वेगळी प्रक्रिया, तीत सगळंच गमावण्याचा धोका असतो, आणि सहसा तीन किंवा जास्त असतील तेव्हाच तिचा विचार होतो. सात वर्षं वाट पाहिलेल्या बाईला तीन महिन्यांनी ‘आता यातला एक’ असं विचारायची पाळी आणायचीच कशाला?

मग तोच एकदम म्हणाला, “आमच्यात काडीला एकच घड ठेवतोय आम्ही. जास्त ठेवले की मणी बारीक राहतोय, साखर भरत नाही.”

मला फार आवडलं हे. आयतं उदाहरण मिळालं म्हणून मी मान डोलवणार, तेवढ्यात ती म्हणाली, “मी वेल न्हाई.”

खोलीत जरा शांतता झाली. तिचं बरोबर होतं. आम्ही दोघं मिळून तिच्या पोटाचा हिशेब मांडत होतो. मी त्याला बाहेर चहा घ्यायला पाठवलं आणि तिला विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

तिला जुळं नकोच होतं. तिला दुसरी खेपही नको होती. इंजेक्शनं, गोळ्या, अस्तर किती झालं ते बघायला पहाटेच्या एसटीने सांगली, आणि चौदा दिवस घरातल्या प्रत्येकाने चेहऱ्याकडे बघणं. “दोन ठेवले की एकदाच सुटेन, म्हणून होय म्हणत होते.” तिच्या ‘दोन’चा अर्थ दमणूक होता. दमणुकीवर इलाज वेगळे असतात. गोठवलेल्या गर्भाच्या दुसऱ्या खेपेला अंडी वाढवायची इंजेक्शनं आणि भूल पुन्हा नसते, हे तिला कुणी स्पष्ट सांगितलंच नव्हतं. खर्चही पहिल्यासारखा नसतो. आणि बीटाची, म्हणजे राहिलं की नाही हे सांगणाऱ्या रक्ततपासणीची, तारीख सगळ्या घराला सांगायलाच हवी असं कुठे लिहिलंय? ही शेवटची कल्पना तिला सगळ्यात जास्त पटली.

एक सगळ्यांनाच बरा, असं मात्र मी म्हणत नाही. त्याच वर्षी जतकडची एक शिक्षिका येत होती, वय ४०. दोनदा अपयश, पाचव्या दिवसापर्यंत गर्भ पोचतच नव्हते, तिसऱ्या दिवसाचे दोनच होते. तिला डॉक्टरांनी दोन्ही सोडले आणि मी कागद-पेन काढलंही नाही. तिथे प्रत्येक गर्भाचा चान्सच कमी, ४०चा हिशेब लागूच नव्हता. उलट ठेंगणी बाई, आधीचं सिझेरियन, बीपी किंवा गर्भाशयाच्या रचनेत दोष असेल तर वय काहीही असो, जुळं टाळण्याकडेच कल असावा. आणि एक सोडला तरी शंभरात एखाद-दुसरीला तोच गर्भ दुभंगून जुळं होतं. कुणाच्याही हातात पूर्ण दोरी नसते.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने करते. आकडा ट्रान्सफरच्या आदल्या दिवसापर्यंत ठरलेला आणि लिहिलेला असला पाहिजे. ट्रान्सफरला लघवी भरलेली लागते. बाई हिरवा गाऊन घालून, पोट तडतडत असताना टेबलावर पडलेली असते. त्या अवस्थेत ‘एक की दोन?’ विचारलं तर ती कशालाही होय म्हणेल. शिवाय किती गर्भ वितळवायचे ते लॅबला सकाळीच कळावं लागतं.

त्यांनी एक लिहिला. दोघांच्या सह्या झाल्या.

आणि राहिलं नाही. जानेवारीअखेर बीटा निगेटिव्ह. तिचा फोन आला. आवाज सपाट होता. “दोन ठेवले असते तर राहिलं असतं का हो मॅडम?”

काय सांगणार? कदाचित, म्हटलं. खरंच कदाचित. “पण जो नाही राहिला तो दुसऱ्यामुळे राहिला असता असं नाही. दुसरा अजून तुमचाच आहे, टाकीत.” तिने फोन ठेवला. मला वाटलं आता येत नाही ही.

एप्रिलमध्ये आली. बागेत खरड छाटणी चालू होती, म्हणून एकटीच, एसटीने. या वेळी दोन ठेवावेत का, म्हणून डॉक्टरांशी स्वतः बोलून आली होती. एका अपयशावर तिच्या वयात आकडा बदलायची गरज नाही असं ते म्हणाले होते, आणि तिचं तिनेच ठरवलं होतं. सासूबाईंना? “पाळीचं औषध आणायला चाललेय म्हटलंय.”

डिसेंबरच्या अखेरीस मुलगी झाली. ३९ आठवडे, २ किलो ९००.

परवा तिचा फोन आला. मागे पोरगी किंचाळत होती आणि त्याचा आवाज येत होता, “खुळखुळा दे, खुळखुळा.” सेंटरमधून चिठ्ठी आली होती, टाकीतल्या दोन गर्भांचं वर्षाचं भाडं भरायचं की नाही. कायद्याने किती वर्षं ठेवता येतात, तिने विचारलं. दहा, मी सांगितलं.

“मग या वर्षीचं भरून टाकते,” ती म्हणाली. “ह्यांना न्हाई सांगितलं अजून. द्राक्षाचे पैसे आले की सांगते.”