उत्पन्न विचारण्याआधी
गावात गरिबीची पाहणी करायला घरोघरी जाशील, तेव्हा पहिल्याच भेटीत ‘वर्षाला किती कमावता?’ असं विचारू नकोस. शेतीचं उत्पन्न हंगामी, शिवाय घरी खाल्लेलं धान्य कोणी कमाईत धरत नाही. आकडा हमखास चुकतो. त्यापेक्षा गेल्या सात दिवसांत काय शिजलं, काय विकत आणलं, ते विचार. आणि घरातल्या बाईशी वेगळं बोल. मी एकदा फक्त कर्त्या पुरुषाकडून माहिती घेतली. पाणी भरण्यात त्याच्या बायकोचे रोज जाणारे दोन तास कुठेच नोंदले गेले नाहीत. ते अजून सलतं.

२०१० पासूनचा जागतिक बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि राहणीमानाचे १० निकष धरतो. तो नीट समजून घे. रस्त्यामुळे गाव सुधारलं असं लिहिण्याआधी रस्ता न झालेल्या गावाचीही तेवढीच पाहणी कर. निष्कर्ष मात्र आधी गावकऱ्यांना वाचून दाखव.