अपलोड केलेल्या फोटोला पीएचपीतून सीएचमॉड (फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची ते ठरवणारी आज्ञा) ६४४ दिलं तरी ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', येतो, आता ७७७ देऊ का?

७७७ नको. आधी तुमच्या त्या पीएचपीच्या ओळीत ६४४ च्या सुरुवातीला शून्य (०६४४) आहे का बघा. पैज लावतो, नसणार.

हाच घोळ मी चोपड्याच्या एका केळी व्यापाऱ्याच्या साइटवर घालून बसलो होतो. वजनकाट्याच्या पावतीचा फोटो चढवायचा, शेतकऱ्याने घरी बसून बघायचा, एवढंच काम. पहिल्याच दिवशी फोन: "भाऊ, पावती दिसस नही!" मी जळगावात, भर मे महिन्यात, पंख्याखाली घामाघूम.

टर्मिनलवर एलएस -एल मारलं, म्हणजे फाइलींच्या परमिशन दिसतात. मालकाच्या खान्यात नुसता डब्ल्यू (लिहिणं), ग्रुपला काहीच नाही, इतरांना आर (वाचणं), आणि शेपटाला एक आगंतुक टी. हे काय नवीन?

परमिशनचे आकडे अष्टमान पद्धतीतले, म्हणजे फक्त ० ते ७ अंकांचे, असतात. सुरुवातीला शून्य नसेल तर पीएचपी तो साधा दशमान आकडा धरतं, आणि दशमान ६४४ म्हणजे अष्टमान १२०४. त्यातला १ म्हणजे स्टिकी बिट नावाची एक जादा खूण, तोच तो टी. मालकाला २, म्हणजे फक्त लिहिता येतं. इतरांना ४, वाचता येतं. लिनक्स आधी मालक कोण ते बघतं. तुम्ही मालक असाल तर इतरांचा खाना तपासतच नाही. उबुंटू लिनक्सवर अपाचेमधूनच (साइट दाखवणारा वेब सर्व्हर) पीएचपी चालत असेल, तर अपलोड झालेल्या फाइलीचा मालक तोच अपाचेचा युजर. थोडक्यात, शेजाऱ्याला दार उघडं आणि घरधन्यालाच कुलूप!

गंमत म्हणजे बिनशून्याचं ७७७ दिलंत तर फोटो दिसेलही. त्याचं होतं १४११. मालकाला ४ मिळतो. मग तुम्हाला वाटणार, ७७७ नेच काम झालं. आणि खरं ०७७७ दिलं, तर त्या सर्व्हरवरचा कुठलाही युजर फाइल बदलू शकतो. फोटोला एक्झिक्यूट परमिशन हवी कशाला? ती फोल्डरला लागते, तिथे ०७५५ ठेवा.

खरं तर ती ओळ बहुतेकदा लागतच नाही. अपलोड जागेवर हलवणारं पीएचपीचं मूव्ह_अपलोडेड_फाइल हे फंक्शन स्वतःच ०६६६ मधून उमास्क (कुठल्या परमिशन काढायच्या ते सांगणारा आकडा) वजा करतं. उमास्क ०२२ असेल तर आपोआप ०६४४. पण फाइल रीनेमने हलवत असाल, तर तात्पुरत्या फाइलीचं ०६०० तसंच चिकटून राहतं, तेव्हा मात्र ओळ हवी, शून्यासकट.

आधी चढवलेल्या फाइलींवर टर्मिनलवरून सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून एकदा सीएचमॉड ६४४ फिरवा. तिथे शून्य नसला तरी चालतं, ती कमांड आकडा अष्टमानच धरते. मी तिथेच फसलो होतो.