सामाजिक मानसशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी लोकांना न सांगता त्यांच्यावर प्रयोग केला तर चालतो का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, 'सर म्हणतात, आधी सांगितलं तर लोक खरं वागत नाहीत, म्हणून परवानगीचा प्रश्नच येत नाही.' यातलं पहिलं बरोबर आहे. दुसरं म्हणजे निव्वळ आळस आहे, आणि त्या आळसाची किंमत आमच्या घरानं मोजलीय.

कोल्हापुरात चप्पल लाइनीत आमचं दुकान आहे. मी मानसशास्त्रात एम.ए. करून गल्ल्यावर बसतो, ते असो. उन्हाळ्यात भर दुपारी एक पोरगा दुकानासमोर धाडकन पडला. तात्या, म्हणजे माझे वडील, गुडघे गेलेले, बीपीची गोळी चालू, तसेच अनवाणी धावले. रसाच्या गाड्यावरच्या मावशींनी तोंडावर पाणी मारलं. कुणी रिक्षा अडवली, सीपीआर रुग्णालयात न्यायचं ठरलं. एक गिऱ्हाईक जोड पायात घालून बघत होतं, ते पैसे न देताच गर्दीत गेलं. पोराला रिक्षात घालणार तोवर ते हसत उठलं. बोळाच्या तोंडाशी दोन मुली वही घेऊन उभ्या होत्या, तिसरा मोबाईलवर शूटिंग करत होता. 'काका, प्रोजेक्ट होता, थँक्यू हं!' आणि सगळे पसार. तात्या पायरीवर बसले, घामानं निथळत. संध्याकाळपर्यंत मला विचारत होते, "माझं काय चुकलं का रं? हसली का पोरं?"

चौकशी केली तर त्यांचा गाइड माझाच जुना वर्गमित्र निघाला. फोनवर म्हणाला, "अरे, पिलियाविन या मानसशास्त्रज्ञांनी १९६९ च्या पेपरात हेच केलंय, न्यूयॉर्कच्या मेट्रोत!" केलंय, पण पूर्ण वाच की. तिथं पडणारा कधी हातात काठी घेतलेला, कधी दारूचा वास येणारा. काठीवाल्याला ६५ पैकी ६२ फेऱ्यांत आपणहून मदत मिळाली, दारुड्याला ३८ पैकी १९ फेऱ्यांत. तुलना होती म्हणून काहीतरी कळलं. आणि प्रवाशांना नंतर काहीच सांगितलं नाही, म्हणून त्याच प्रयोगावर आजही बोट ठेवलं जातं.

माझ्या या मित्राकडे पोरगा एक, दुपार एक, गल्ली एक. निष्कर्ष काय, तर 'कोल्हापूरकर मदतीला धावतात'. लाइनीत सगळे एकमेकांना ओळखतात. तात्या उठले की शेजारचे चार जण उठणारच. ती पाच निरीक्षणं होत नाहीत, एकच होतं. दारू पिऊन पडला असता तर तात्यांनीच त्याला हाकललं असतं. ते तपासायचं होतं!

तर, प्रयोगाचा खरा हेतू लपवणं चालतं, पण दुसरा मार्गच नसेल आणि कॉलेजच्या नैतिकता समितीनं मान्यता दिली असेल तरच. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची आचारसंहिता सांगते की फसवणूक लवकरात लवकर, शक्यतो सहभाग संपताच, उघड करायची आणि माणसाला आपली माहिती मागे घेऊ द्यायची. मिलग्राम या मानसशास्त्रज्ञानं लोकांना दुसऱ्या माणसाला विजेचे झटके द्यायला सांगितलं; झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. त्याच्या १९६३ च्या पेपरातले ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढच्याच वर्षी डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्या माणसांना किती मनस्ताप दिला म्हणून मिलग्रामला धारेवर धरलं. तेही परीक्षेला विचारा म्हणावं.

हो, एक राहिलं. नाटक न करता नुसतं बघणार असाल, म्हणजे केएमटी बसच्या थांब्यावर रांग कोण मोडतं हे मोजणं वगैरे, तर साधारणपणे प्रत्येकाची सही लागत नाही. नावं, चेहरे मात्र टिपू नका. समितीला तरीही विचारा.

आणि नाटक करणारच असाल तर उचलायला आलेल्या माणसाशी नंतर कोण बोलणार, ते प्रस्तावात लिहून सरांची सही घ्या. माझ्या मित्राच्या प्रस्तावात ते नव्हतं. मुळात प्रस्तावच नव्हता.