निवेदनातले अलंकार कानाला का टोचतात?

प्रश्न : मालिकेच्या निवेदनात मी उपमा, प्रश्न भरपूर घालते. वाचताना छान वाटते, ऐकताना बोजड. असे का?

उत्तर : पडद्यावर चित्र असताना उपमा दुसरे चित्र उभे करते आणि दोन्ही भांडतात. रिकामी खुर्ची दिसते आहे, मग ‘काळजासारखी रिकामी खुर्ची’ कशाला? ‘आज कुणी हाक मारली नाही’ एवढे पुरे. १० सेकंदांच्या दृश्याला साधारण १५ शब्द. उरलेली जागा शांततेची. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे लांबलचक उपमेत ऐकणारा ताटकळतो. वाक्य तोडा. उपरोध मात्र हुकमी : आवाज म्हणतो ‘सगळं ठीक होतं’, कॅमेरा फुटलेली काच दाखवतो. ‘ती परतेल का?’ हा प्रश्न रोज विचारलात, तर प्रेक्षक उत्तराची वाट पाहणेच सोडतो.