आजोबा गेले आणि नातवाचं रोज सकाळी पोट दुखायला लागलं

पत्र (थोडं कापलंय):

ताई, नमस्कार. मी नाशिकची, वय ६७. गेल्या श्रावणात माझे यजमान अटॅकने अचानक गेले. मुलगा, सून, नातू आणि मी एकत्र राहतो. नातू ९ वर्षांचा, चौथीत. आजोबांचा फार लाडका, शाळेत सोडणं-आणणं तेच करायचे. त्या रात्री त्याला झोपेतून उचलून शेजारी पाठवलं, चार दिवस तिकडेच ठेवलं, आजोबांना मोठ्या हॉस्पिटलात नेलंय असं सांगितलं. नंतर सुनेने सांगितलं की आजोबा देवबाप्पाकडे गेले. तो रडला नाही. वाटलं लहान आहे, विसरेल. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हापासून रोज सकाळी पोट दुखतं, मळमळतं. सोनोग्राफी, रक्त, लघवी सगळं नॉर्मल. निम्मी शाळा बुडाली. साडेदहा वाजले की खेळायला लागतो म्हणून मुलगा म्हणतो नाटकं आहेत, परवा हात उगारला. सून म्हणते माझ्या लाडाने बिघडला. पोराला त्रास नको म्हणून घरात यांचं नाव कोणी काढत नाही, फोटोपण कपाटात ठेवलाय. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. नातू रात्री माझ्याजवळ झोपतो, मधेच उठून माझ्या नाकापुढे हात धरतो, मी झोपेचं सोंग घेते. शेजारीण म्हणते यांचा जीव नातवात अडकलाय, एकाकडे दाखवून येऊ. काय करू?

काकू, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी त्या नाकापुढच्या हातापाशी थांबले. पोटदुखी, शाळा, लाड, नाटकं हे सगळं नंतर बघू, आधी तो हात. ९ वर्षांचं पोर मध्यरात्री उठून आजीचा श्वास चालू आहे का बघतंय. आणि तुम्ही म्हणता तो विसरला असेल.

आता मला काय वाटतंय ते सांगते, अंदाजच आहे, पण जरा त्याच्या जागी उभं राहून बघा. एका रात्री त्याला झोपेतून उचलून घराबाहेर काढलं. चार दिवसांनी परत आणलं तर आजोबा नाहीत. काय झालं, कुठे गेले, कोणी धड सांगेना, मोठी माणसं त्याला बघितलं की बोलायची थांबायची. मग दिवाळीत कंदील नाही, फराळ केला नाही, नातेवाईकांनी डबे आणून दिले, का ते पण त्याला कोणी सांगितलं नसणार. म्हणजे त्याच्या हिशोबाने काय झालं, तर मी घरात नसलो की घरातलं माणूस नाहीसं होतं. आणि तुम्ही आता त्याला रोज सकाळी सांगताय की चल, सहा-सात तास घराबाहेर जा. पोट दुखणार नाही तर काय होणार हो!

दिवाळीनंतरच का, तर सुट्टीत तो पूर्ण वेळ घरी होता, तुम्ही डोळ्यांसमोर होतात. त्याआधी पण काहीतरी चालू असेलच, पण तेव्हा घरात पाहुण्यांची ये-जा, कोणाचं लक्ष जाणार.

बरं, पोट खरंच दुखतं. हे मुलाला आणि सुनेला वाचून दाखवा. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखत नाही असं नसतं. आपली परीक्षा असली की आपल्याला नाही का सकाळी तीनदा संडासला जावं लागायचं, ते काय नाटक होतं का. भीती वाटली की आतडी आवळतात, मळमळतं, आणि भीतीचं कारण टळलं, म्हणजे शाळेची वेळ निघून गेली, की साडेदहाला खरंच थांबतं. १९५८ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला डॉक्टरांनी हजार शाळकरी मुलं तपासली होती तेव्हा साधारण दहातल्या एकाला असं परत परत पोट दुखायचं आणि त्यातल्या बहुतेकांना आत काही बिघाड सापडला नाही, म्हणजे हा काही तुमच्याच घरचा नवीन प्रकार नाही. फक्त एवढं बघा की रात्री दुखण्याने जाग येत नाही ना, वजन उतरत नाही ना, संडासवाटे रक्त, ताप, सारख्या उलट्या असं काही नाही ना. यातलं काही असलं तर परत बालरोगतज्ज्ञांकडे. नसेल तर पुढच्या टेस्ट नकोत, कारण दर टेस्टगणिक त्याला वाटणार की मला पण काहीतरी झालंय आणि मला पण मोठ्या हॉस्पिटलात नेणार. त्या मोठ्या हॉस्पिटलातून आजोबा परत आले नाहीत हे विसरू नका.

तर पहिलं काम बोलायचं. तुम्ही एकटीने नको, मुलगा-सून दोघंही हवेत, सुट्टीचा दिवस, टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. आणि साध्या शब्दांत. त्या रात्री आजोबांचं हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी प्रयत्न केला, पण ते वारले. वारले म्हणजे त्यांचं शरीर बंद झालं, आता त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ते परत येणार नाहीत. आम्ही तुला तेव्हा खरं सांगितलं नाही कारण आम्हीच घाबरलो होतो, ते आमचं चुकलं. हे शेवटचं वाक्य तुमच्या मुलाच्या तोंडून आलं तर सोन्याहून पिवळं.

देवबाप्पाकडे गेले हे तुमची श्रद्धा असेल तर खुशाल सांगा, पण आधी खरं सांगून मग. नुसतंच देवाकडे गेले म्हटलं तर पोरं वाट बघत बसतात, किंवा देवावर चिडतात. 'झोपले' तर अजिबात म्हणू नका, एक तर तो रात्री तुमची झोप तपासतोच आहे. नऊ-दहाच्या वयात मुलांना मरण म्हणजे कायमचं हे बऱ्यापैकी समजतं, अगदी लहान बाळांसारखं त्यांना वाटत नाही की माणूस उद्या येईल. समजतं पण विचारायची चोरी असते, कारण विचारलं की आजी रडते आणि बाबा उठून जातात.

तो प्रश्न विचारेल. तू पण मरणार का आजी, हा तर विचारणारच. छे छे, मी कुठे मरतेय, असं म्हणू नका, त्याला कळतं. त्यापेक्षा म्हणा की सगळेच कधीतरी जातात, पण मला आत्ता काही झालेलं नाही, मी गोळ्या वेळेवर घेते, डॉक्टरांना दाखवते, मला अजून बरीच वर्षं तुझ्याबरोबर राहायचंय, आणि मला काही झालंच तरी आई-बाबा आहेत, तुला एकट्याला कोणी सोडणार नाही. आणि एक हळूच विचारा, आजोबा गेले त्यात आपलं काही चुकलं असं तुला वाटतं का? या वयाची मुलं असला हिशोब मनात करत बसतात, मी त्या दिवशी आजोबांशी भांडलो होतो, मी त्यांना जिना चढायला लावला, म्हणून झालं. कोणाला सांगत नाहीत. निघालं तर लगेच स्पष्ट सांगायचं की नाही रे राजा, तुझ्यामुळे काही झालं नाही.

कदाचित तो दोन मिनिटं ऐकेल आणि मी खाली खेळायला जाऊ का म्हणेल. जाऊ द्या. मुलांचं दुःख असंच असतं, थोडं रडायचं, थोडं खेळायचं, मग आठ दिवसांनी वरणभात कालवताना अचानक विचारायचं की आजोबांचा चष्मा कुठे आहे. तेव्हा हातातलं काम सोडून उत्तर द्या.

फोटो कपाटातून काढा आणि हॉलमध्ये लावा, हार कोणता आणायचा ते त्याला विचारा. आणि ते नळ सोडून रडणं बंद करा हो काकू. त्याच्यासमोर डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, आजोबांची आठवण आली रे, एवढं सांगा आणि थोड्या वेळाने डोळे पुसून कुकर लावा. त्याला हेच बघायला मिळायला हवंय, की रडलं तरी माणूस मोडत नाही आणि मग जेवायला पण बसतो. श्रावणात वर्षश्राद्ध येईल, त्या दिवशी त्याला शेजारी किंवा क्लासला पाठवू नका. आजोबांच्या आवडीचं पानात काय काय वाढायचं ते त्याला ठरवू दे, त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल, शाळेतून येताना दोघं काय काय खात यायचे ते त्या दोघांनाच ठाऊक.

आता शाळा. इथे मात्र मी तुमच्या बाजूने नाहीये. दुखतंय म्हणून घरी ठेवलं की त्या दिवसापुरतं बरं वाटतं पण दुसऱ्या दिवशी जाणं अजून अवघड होतं, दर सुट्टीने भीती वाढते. आणि घरी राहिल्यावर तुम्ही शिरा करता, मांडीवर घेता, टीव्ही लावून देता, हो ना? (पत्रात नाही लिहिलंत, पण आज्या मला माहीत आहेत.) घरी राहायची वेळ आलीच तर तो दिवस कंटाळवाणा असू दे, टीव्ही-मोबाईल नाही, शाळेच्या वेळेत पुस्तकं. पण ओरडून, मारून शाळेत ढकलणंही नको, मारलं तर भीतीत अजून एक भीती.

सुनेने नाहीतर मुलाने क्लासटीचरना भेटून सगळं खरं सांगावं, आजोबा गेले ते, रात्रीचं ते, सगळं. बरेच शिक्षक समजून घेतात, आपणच सांगत नाही. सुरुवातीला मधल्या सुट्टीपर्यंत पाठवा, दोन-चार दिवसांनी वेळ वाढवा. मधल्या सुट्टीत ऑफिसमधून तुम्हाला एक फोन करायची परवानगी मागा, एकच आणि ठरलेल्या वेळी, हॅलो मी ठीक आहे, तू डबा खा, संपलं, तो फोन पुढे आपोआप बंद होईल. सकाळी उठल्या उठल्या "पोट दुखतंय का रे" हे विचारायचं नाही, घरातल्या कोणीच. त्याने सांगितलं तर "हो रे, दुखतंय ना, गरम पाणी घे, आपण दप्तर भरू." आणि त्याला कोण सोडतं आता? रिक्षा असेल तर महिनाभर तरी बाबांनी सोडावं. तो रस्ता आजोबांचा होता, तिथे एकदम रिक्षावाले काका बसलेत.

आणि तुम्ही घराबाहेर पडा. श्रावणापासून कुठेच गेला नसाल. तो घरी असताना मुद्दाम जा, भाजीला, भजनाला, देवळात, आधी अर्धा तास. जाताना सांगा की साडेसहाला येते, आणि साडेसहा म्हणजे साडेसहा, वाटेत कोणी कितीही गप्पांना थांबवलं तरी. घराबाहेर गेलेलं माणूस परत येतं हे त्याला नुसतं सांगून पटणार नाही, तुम्ही रोज परत आलात तरच पटेल.

रात्री परत त्याने हात धरला तर सोंग नका घेऊ. डोळे उघडा, म्हणा मी आहे रे, झोप, आणि तो हात हातात घ्या. तुमच्याजवळ झोपतो ते काही महिने झोपू दे, त्यावरून आत्ता भांडण नको.

मुलाबद्दल एक बोलू? त्याचे वडील गेलेत. सगळं त्याने केलं असेल, रामकुंडावर तोच उभा असेल, आणि लगेच ऑफिस. गेल्या सहा महिन्यांत कोणी त्याला विचारलं का की तुला कसं होतंय? हात उगारला ते चूकच, आणि तसं त्याला सांगा. पण एकदा चहा घेऊन त्याच्याशेजारी बसा आणि त्याच्या वडिलांबद्दल बोला, पोराबद्दल नाही. सुनेशी लाडावरून वाद घालू नका, पोराला शाळेत पाठवायला तुम्ही तिच्या बाजूने उभ्या राहिलात की तो वाद तसाही मिटेल.

हे सगळं तीन-चार आठवडे मनापासून करून बघा. फरक नाही पडला, किंवा खाणं-झोप बिघडली, खेळणं पण सुटलं, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, केसपेपर काढायचा आणि जायचं. लगेच गोळ्या सुरू करतात असं नसतं, या वयात बहुतेक वेळा आधी बोलणं, खेळ, चित्रं असंच असतं. त्याआधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस लाईन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठी पण लावू शकता.

एक गोष्ट मात्र महिनाभर थांबायची नाही. तो म्हणाला की मला पण आजोबांकडे जायचंय, तर ओरडू नका आणि हसून सोडूनही देऊ नका. बऱ्याचदा त्याचा अर्थ मला त्यांची आठवण येते एवढाच असतो, पण शांतपणे विचारा की म्हणजे तुला मरावंसं वाटतं का, जाण्यासाठी काही करावंसं वाटतं का. असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात भलतं काही भरत नाही. उत्तर हो आलं, किंवा तुम्हाला खात्री वाटेना, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

राहिली शेजारीण. दृष्ट काढायची असेल तर मीठ-मोहरी घेऊन घरच्या घरी काढा, त्याने काही बिघडत नाही, आजीने ओवाळलं की पोरांना बरंच वाटतं. पण त्या "एकाकडे" न्यायचं नाही. आजोबांचा जीव तुझ्यात अडकलाय असं कोणी त्याच्यासमोर म्हटलं ना, तर तो आज एका श्वासाची राखण करतोय, उद्या दोघांची करत बसेल. असली माणसं अंगातलं काढतो म्हणून मारतात, धूर देतात, पैसे उकळतात, त्याविरुद्ध आपल्याकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. शेजारणीला सांगा की डॉक्टरांनी बाहेर न्यायला मना केलंय, म्हणजे संबंधही टिकतील.

या रविवारी बोला. सोमवारी लगेच पोट थांबेल अशी आशा ठेवू नका, कदाचित खरं कळल्यावर आठवडाभर जास्तच रडेल, चिकटेल. तेव्हा घाबरून परत फोटो कपाटात ठेवू नका.

तुमची,
ताई